अंतऱ्याआधीचा खोकला

“तुम्हीच ना ते टिपणीस? माझ्या बाबांचा खोकला काढायला लावणारे?”

फोनवरच्या बाईचा आवाज रडवेला होता. संगीत-समीक्षक टिपणीसांनी थकून डोळे मिटले. हल्ली कुणी नेटवर नापसंती लिहिली, की गाणं घटकाभरात स्वतःला दुरुस्त करायचं, घरोघरच्या प्रत्येक प्रतीत. भांडायला म्हणून एकही वाईट गाणं उरलं नव्हतं. तरी जित्याची खोड! परवा त्यांनी एका जुन्या अल्बमवर खरडलंच, ‘अंतऱ्याआधी गायक खोकतो. रसभंग!’

“बाबा गेल्यावर मी तेवढंच ऐकायचे हो. गाताना ते सगळ्यांचे, खोकताना तेवढे आमचे.”

टिपणीस वरमले. त्यांनी लगेच लिहिलं, ‘खोकल्याविना गाण्यात जीव नाही. तो परत हवा.’ घटकाभरानं, फोन चालू ठेवूनच, दोघांनी गाणं लावलं.

खोकला परत आला होता. स्वच्छ, भरदार आणि अगदी सुरात.