दोन्हीकडचं काम

वकिलांनी पत्रक मालकांच्या टेबलावर ठेवलं, पण त्यावरचा हात काढला नाही.

"हे आज वाटायचं होतं," ते म्हणाले. "आणि बाईंनी कालच्या सभेत यातल्या एकेका मुद्द्याला उत्तर दिलं. तेही ओळीनं. आमचा चौथा मुद्दा तोच त्यांचाही चौथा."

छापखान्याच्या मालकांनी चष्मा काढून पुसला. योगायोग असेल, असं म्हणायचं त्यांच्या ओठांवर आलं होतं. वकिलांचा चेहरा बघून त्यांनी ते गिळलं.

मजकूर वकिलांनी स्वतःच्या हातानं लिहिला होता, घरात कोणी पाहिला नव्हता. तेव्हा फुटला तो इथूनच. शेवटच्या पत्रकाआधी माणूस शोधा, नाहीतर हा छापखाना कोणाचा आहे ते मी सभेत सांगेन, एवढं बोलून ते निघून गेले.

ही धमकी साधी नव्हती. दूरचे दोन देश वर्षभर एकमेकांशी लढत होते. निम्म्या गावाला ते नकाशावर सापडले नसते, पण यंदाची निवडणूक त्यांच्यावरच चालली होती. वकील म्हणत, आपलं सैन्य मदतीला पाठवा. निवृत्त मुख्याध्यापिका, ज्यांना सगळं गाव बाई म्हणे, त्या म्हणत, एकही शिपाई जाणार नाही. न्हाव्यानं दोन्ही बाजूंना वेगवेगळे वार नेमून दिले होते. गळ्यावर वस्तरा असताना मतभेद नकोत, म्हणून. औषधवाल्याला कोणीतरी फितूर म्हणालं आणि संध्याकाळपर्यंत त्याच्या दुकानाला एक काच उरली नाही.

गावात छापखाना एकच. दोघांची पत्रकं एकामागून एक त्याच मशीनवर चढत. वकिलांकडे मालक वकिलांचे असत आणि बाईंकडे बाईंचे.

कामाला माणसं दोनच. मालक, आणि त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ. मेहुणा एकोणीस वर्षं शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवत होता. त्याचा एकुलता एक मुलगा फौजेत होता. वकील निवडून आले तर त्याची तुकडी पहिली जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मेहुणा त्याबद्दल कधी अक्षर बोलला नव्हता. त्याचं ते न बोलणंच आता मालकांना टोचू लागलं.

ते त्याच्यावर नजर ठेवू लागले. मेहुण्याची कुरकुर नेहमीचीच होती. दिवा मिणमिणता आहे, स्टूल डुगडुगतं, गठ्ठे बांधायला चांगला खाकी कागद आणा. मालक कानाडोळा करत. मशीनवर शाई नीट बसेपर्यंत पहिले पंधरा-वीस ताव खराब होत. ते टेबलाखाली साठवायचे आणि छापील बाजू आत घालून त्यातच गठ्ठा बांधायचा, ही मालकांच्या वडिलांपासूनची रीत. त्यांना कागदाचा तुकडा वाया गेलेला खपत नसे.

वकिलांचं दुसरं पत्रक आलं तेव्हा मालकांनी हस्तलिखित खिशात ठेवलं. कच्ची प्रत चुलीत घातली. छपाई होताच जुळवलेले खिळे डोळ्यांदेखत मोडायला लावले. चांगल्या प्रती कपाटात बंद केल्या, कारण वकील त्या वाटायच्या दिवशीच नेत. संध्याकाळी दारात मेहुण्याची पिशवी तपासली.

मेहुण्यानं स्वतःच डबा उघडून दाखवला. "रिकामा आहे, भाऊजी. पोट बघायचं तर डॉक्टर बोलवा."

बाईंचा गठ्ठा बांधायचं कामही मालकांनी त्याच्याकडून काढून घेतलं. बाई न्यायला आल्या, तेव्हा गाठ निरखून म्हणाल्या, "आता तुम्हीच बांधत जा. तुमच्या हातचे कोपरे दुमडत नाहीत."

मालक सुखावले. दुसऱ्या दिवशीच्या सभेत बाईंनी वकिलांच्या न वाटलेल्या पत्रकाला पुन्हा ओळीनं उत्तर दिलं.

मालकांनी मेहुण्याला समोर बसवलं. पोरासाठी बापाचा जीव तुटतो हे मला कळतं, असं म्हणून त्यांनी सुरुवात केली. कबूल केलंस तर घरातली गोष्ट घरात राहील, असंही सांगून पाहिलं.

"माझा मुलगा फौजेत आहे म्हणून मी चोर?"

"आत तुझ्याशिवाय होतं कोण?"

"तुम्ही होतात," मेहुणा म्हणाला.

मालकांना हा उद्धटपणाचा कळस वाटला. उद्यापासून येऊ नकोस, ते म्हणाले. मेहुण्यानं नळाखाली बराच वेळ हात धुतले. शाई नखांतून निघाली नाही. तसाच तो गेला.

त्या दिवसापासून मालकांची बायको त्यांना ताट वाढी, पण आणखी काही हवं का, हे विचारीना.

वकिलांचं शेवटचं पत्रक मालकांनी दार लावून एकट्यानं जुळवलं. त्यांचा हात मंद, दोन दिवस लागले. या वेळी पाखरूसुद्धा आत आलं नाही. प्रती कपाटात गेल्या, किल्ली खिशात. मग त्यांनी मशीन पुसून बाईंचं काम चढवलं.

दुपारी बाई आल्या. मालकांनी हात धुतले, टेबलाखालून ताव ओढला आणि कोपरे दाबून गठ्ठा बांधला.

"मेहुणे दिसत नाहीत?"

"काढलं त्याला."

"अरेरे," बाई म्हणाल्या. "एवढ्या वर्षांचा माणूस."

त्या वळणावर दिसेनाशा होईपर्यंत मालक दारात उभे होते. कितीतरी दिवसांनी त्यांना मोकळा श्वास घेता आला.

घरी पोचल्यावर बाईंनी सुतळी कापली नाही, सावकाश गाठ सोडवली. आपली पत्रकं त्यांनी न बघताच बाजूला सारली. मग वरचा कागद उलटून टेबलावर तळव्यानं सपाट केला, चष्मा लावला आणि वकिलांच्या पहिल्या मुद्द्यापासून वाचायला घेतलं.