ज्याचा त्याचा उन्हाळा

आजच्या गप्पांना डॉक्टर येऊन बसणार, हे कळल्यापासून शिंपी दारापाशी येरझाऱ्या घालत होता.

बाईंना खालीच राहू द्यायचं की वरच्या मजल्यावर हलवायचं, ते आज ठरणार होतं. वृद्धाश्रमाचा वरचा मजला म्हणजे पार विसरून गेलेल्यांसाठी बाहेरून कडी लावलेलं दार. वर गेलेलं माणूस पुन्हा खाली चहाला आलेलं कोणी पाहिलं नव्हतं. बाईंनी जन्मभर शाळेत शिकवलं होतं, आवाज असा की मागच्या बाकावरचाही दचकावा. पण गेले कित्येक महिने त्या तोंडात मिठाची गुळणी धरून खिडकीशी बसून असायच्या.

"लहानपणीचं एक वाक्य जरी आपणहून बोलल्या ना, तरी मी डॉक्टरांना पटवीन," ताईने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

ताई इथे कामाला नवीन होती. आल्या आल्या तिने या गप्पा सुरू केल्या. लहानपणीच्या उन्हाळ्याच्या सुट्ट्या, एवढाच विषय. नियमही एकच, ज्याने त्याने स्वतःचाच उन्हाळा सांगायचा. पोरगी मायाळू होती, पण नियमाची गोष्ट निघाली की वर्गातल्या मॉनिटरसारखी वागायची.

खुर्च्या गोल मांडल्या गेल्या. शिंपी, एके काळी नर्स असलेल्या सिस्टर, ट्रक चालवून पाठ मोडून घेतलेला ड्रायव्हर आणि बाई. डॉक्टर मागे भिंतीशी बसले.

सिस्टरनी सुरुवात केली. दुपारी मोठी माणसं आडवी झाली की चपला हातात घेऊन मागच्या दाराने पळायचं, ते थेट तळ्यावर. पाण्यात उतरलात तर तंगडी मोडीन, असं आई म्हणायची. तंगडी काही कुणाची मोडली नाही.

बाई खिडकीबाहेर बघत होत्या.

मग शिंपी. त्यानेही तळ्याचंच काढलं. "घरी कळू नये म्हणून फ्रॉक पिळून दगडावर वाळत घालायचा आणि तो वाळेपर्यंत उन्हात बसून..."

"फ्रॉक?" ताईने विचारलं.

"बहिणीचा," शिंपी घाईघाईने म्हणाला.

"सगळ्यांच्याच लहानपणी तळं कसं हो?"

"तेव्हा पाणी मुबलक होतं," सिस्टर म्हणाल्या.

ताई हसली. बाईंनी मान वळवली नाही. डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं, तशी शिंप्याने ड्रायव्हरला कोपराने ढोसलं.

ड्रायव्हर बोलायला लागला, पण बघत होता बाईंकडे. एकेक वाक्य झालं की थांबायचा.

"आमची एक होडी होती. धाकट्या भावाने रंगवलेली. घराच्या दाराला लावून उरलेला हिरवा रंग, तोच फासला पठ्ठ्याने. आणि कुत्रा होता, उजवा कान तुटलेला. होडीत पहिली उडी त्याची."

शिंप्याने खाकरून पाहिलं. ड्रायव्हरने लक्ष दिलं नाही.

"त्या सुट्टीत धाकट्याला ताप भरला. अंगाची नुसती भट्टी. घरात कुणी जेवेना. पण आठवड्याने उठला, आणि पुन्हा आम्ही सगळे होडीत..."

"चूक."

ताई दचकली. आवाज बाईंचा होता, अगदी फळ्यासमोरचा.

"डावा कान," बाई म्हणाल्या. "उजवा शाबूत होता." मग त्यांचा आवाज खाली आला. "आणि धाकटा उठला नाही."

ड्रायव्हरने खुर्ची त्यांच्याजवळ ओढली.

"होडी, होडी करत होता. मी म्हटलं, झोप आता, उद्या नेते." बाईंनी पदर मुठीत धरला. "माझा धाकटा. उद्या नेते म्हटलं मी त्याला. कुत्रा नंतर होडीखालून निघेचना."

आणि त्या ढसाढसा रडल्या. एवढ्या वयाचं माणूस असं लहान पोरासारखं रडताना बघवत नाही. सिस्टरनी त्यांना जवळ घेतलं. शिंप्याचेही डोळे भरून आले होते, पण त्याचा जीव भांड्यात पडला होता. बाई बोलल्या! एक सोडून चांगली सहा-सात वाक्यं बोलल्या. त्याने ड्रायव्हरच्या पाठीवर थाप मारली.

मागे डॉक्टर ताईच्या कानाशी वाकले. "हा भाऊ कोणाचा?"

"ड्रायव्हरकाकांचा," ताई हळूच म्हणाली.

डॉक्टरांनी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीजवळची खुर्ची रिकामी होती. बाई उशिरा उठल्या असतील, कालचा शीण असेल, असं म्हणत तिघांनी चहा थांबवून ठेवला. ताई आली ती खाली मान घालून.

"बाईंना वर नेलं," ती म्हणाली.

"असं कसं?" शिंपी उठलाच. "अहो, बोलल्या की त्या!"

"तेच नडलं, काका. डॉक्टर म्हणाले, विसरणं एकवेळ ठीक आहे. पण दुसऱ्याचा भाऊ आपलाच समजून एवढं रडायचं, म्हणजे दुखणं फार पुढे गेलंय. मी खूप भांडले. पण काय बोलणार? काल त्यांनी समोरच बघितलं ना."

सिस्टरनी कप खाली ठेवला. चहा बशीत सांडला तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

"तुम्ही रागवाल असं वाटलं," शिंपी म्हणाला. "नियम मोडला म्हणून गप्पा बंद कराल, म्हणून आम्ही तिघांनी..."

"कसला नियम मोडला?"

वरच्या मजल्यावर कडी वाजली. ड्रायव्हरने छताकडे पाहिलं.

"तुम्ही यायच्या आधी बाई रोज हेच तळं, हीच होडी सांगायच्या, ताई. आम्ही नुसते ऐकायचो," तो म्हणाला. "मला भाऊच नव्हता."