कॅसेट आली का?

"पुलावर मरतो. रोज मेला पुलावरच मरतो," असं म्हणून अविनाशनं रिमोट काउंटरवर ठेवला.

पनवेलच्या बाजारात इमादचं दुकान होतं. टीव्ही-गेमच्या कॅसेटी भाड्यानं मिळत. कळंबोलीच्या लोखंड बाजारातला कारकून अविनाश आणि कोन गावचा रिक्षावाला सुदाम संध्याकाळी तिथं ठाण मांडत. दोघं तिशीचे, बायकापोरांचे. पण दुकानात शिरले की त्यांना जगात एकच दुःख उरे. पाचव्या किल्ल्याचा पूल.

खोक्यावर सगळी जपानी अक्षरं, त्यामुळे गेमचं खरं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. सगळे त्याला 'किल्लेवाला' म्हणत. पाचव्या किल्ल्यापुढे पनवेलात कुणी गेल्याचं ऐकिवात नव्हतं.

"त्याचा दुसरा भाग निघालाय म्हणे, दुबईत," अविनाश म्हणाला. "आणि जपानात नवं मशीन येतंय. त्यात कॅसेट नाही, चकचकीत थाळी घालायची."

"थाली काय जेवाला हाय?" सुदाम म्हणाला. "पयला पूल तर पार कर."

तेवढ्यात पायरीवर हुस्नबानो खाला येऊन उभी राहिली. ती रोज याच वेळी यायची आणि एकच विचारायची.

"इमाद, कॅसेट आली का रे?"

"नाही, खाला."

खालाचा मुलगा अब्दुल्ला शारजात होता. खालाला वाचता येत नव्हतं, म्हणून मायलेकांची पत्रं टेपवर बोलून चालत. आखातातून रजेवर येणारी माणसं सामान इमादच्या दुकानात टाकून जात. चार महिने झाले, अब्दुल्लाची कॅसेट आली नव्हती. रोज 'नाही' म्हणताना इमादचाच जीव तुटे.

अब्दुल्ला त्याचा लंगोटीयार. मागच्या सुट्टीत त्यानं कलर टीव्ही आणि टीव्ही-गेमचा सेट आणला होता. महिनाभर दोघांनी खालाच्या घरी किल्लेवाला खेळून काढला, खाला चहा देता देता मागे बसून बघायची. निघताना दारात उभं राहून अब्दुल्ला म्हणाला होता, "दुसरा भाग निघाला की पाठवतो." इमाद त्या शब्दावर जगत होता. खालाकडचा सेट आता कशिद्याच्या रुमालाखाली गप पडला असेल, असं त्याला वाटे आणि वाईट वाटे.

"बोटाला काय झालं?" त्यानं विचारलं. खालाच्या अंगठ्याला पट्टी होती.

"कामानं होतं, बाबा. तुमच्याकडे दुपारी लाईट जाते का रे? अर्ध्यावर आलं की जाते. मग सगळं पहिल्यापासून."

खालानं शिवणयंत्राला मोटर बसवली होती. इमादनं मान हलवली.

"मेलो," मागून अविनाश ओरडला. "पुन्हा पुलावर."

"पुलावर मरतोस तर पुलाखालून जा ना," खाला म्हणाली.

तिघंही पोट धरून हसले. "खाला, हा गाढी नदीचा पूल नव्हे," अविनाश म्हणाला. खालाही ओशाळून हसली, ओढणी सावरली आणि गेली.

"वाट बघून बघून म्हातारी डोक्यानं हलली," सुदाम हळूच म्हणाला. मग कुणी हसलं नाही.

आठवड्यानं करंजा गावचा भगवान शारजाहून रजेवर आला आणि दुकानात पुडकं टाकून गेला. वर खालाचं नाव होतं. विमानतळावर तपासणीत कागद फाटला होता. आत दोन कॅसेटी. एक बोलायची, एक गेमची. खोक्यावर तीच जपानी अक्षरं आणि शेवटी भला मोठा दोन.

इमादला अगदी भरून आलं. यारानं शब्द पाळला. खर्च नको म्हणून दोन्ही एकाच पुडक्यात घातल्या, चिकटच आहे. बोलायची कॅसेट घेऊन तो धावत खालाकडे गेला.

खालानं ती डोळ्यांना लावली. मग त्याच्या दुसऱ्या हाताकडे बघितलं.

"एवढीच?"

"एवढीच, खाला. आली हेच खूप नाही का?"

इमाद परतला, पण तिचं ते बघणं त्याला सलत राहिलं. त्याला वाटलं, आईला मुलाचा आवाज किती पुरणार?

दुसऱ्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. दुसरा भाग! पहिल्याच किल्ल्यात सुदाम तीनदा मेला. त्याच गर्दीत पायरीवरून आवाज आला.

"इमाद, कॅसेट आली का रे?"

इमाद बाहेर आला. तिच्या खांद्यावर हात ठेवून, लहान मुलाला सांगावं तसं म्हणाला, "खाला, काल मीच नाही का घरी आणून दिली?"

"ती ऐकली. सात वेळा ऐकली."

"मग?"

खालानं त्याच्या खांद्यावरून आत टीव्हीकडे पाहिलं. सुदाम चौथ्यांदा मेला. तिनं पिशवीतून टेपरेकॉर्डर काढला, काउंटरवर ठेवला आणि पट्टी बांधलेल्या अंगठ्यानं बटण दाबलं.

"अस्सलाम आलेकुम, अम्मी," अब्दुल्लाचा आवाज आला. तोच जुना, हसरा. इमादला हुंदका आला. "चार महिने लागले, रागावू नकोस. नुसता माझा आवाज पाठवला असता तर तू मला घरात घेतलं नसतंस. पुलाखालची वाट तू मागच्या कॅसेटमध्ये सांगितलीस, तसा गेलो आणि सातही किल्ले सर झाले. इमादला सांगू नकोस, तो बिचारा अजून पुलावरच मरत असेल. सोबत दुसरा भाग पाठवतोय, अगदी तसाच इथं मीही घेतलाय. दर जुम्म्याला नमाजनंतर बसत जा, मीही इकडे त्याच वेळी बसेन. डावा रिमोट तुझा. उजवा माझ्या जागेवर ठेव, मी येईपर्यंत कुणाला देऊ नकोस."