उजवा हात

लकवा मारला आणि इन्ताचा उजवा हात लुळा पडला. त्याची बायको बुआखाम रोज सकाळी हळद-गवती चहाची वाफाळलेली पुरचुंडी फिरवून तो हात खांद्यापासून बोटांपर्यंत चोळायची. अशी बायको मिळायला भाग्य लागतं, असं सगळं गाव म्हणायचं.

शेजारीण मात्र चिडायची. "याच हाताचा मार खाल्लास ना गं? मग राहू दे की लुळा!"

बुआखाम चोळत राहायची.

एके सकाळी इन्ताने चिकट भाताचा गोळा उजव्या हाताने वळून स्वतःच खाल्ला. बुआखाम उठली, कपड्यांची पिशवी घेऊन आली.

"कुठे निघालीस?"

"चियांग माईला. तिथे शहरात मालिशचं काम मिळालंय."

"आणि माझं कोण करणार?"

"तुझं तूच. तेवढ्यासाठीच तर बरा केला तो हात."