चाच्यांच्या जहाजातली आमटी

"वा! काय आमटी आहे!" अप्पांनी कागदी वाटी चाटूनपुसून साफ केली आणि चवीपुरती फुकट मिळणारी आमटी तिसऱ्यांदा मागितली.

मंदाकिनीबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. एकेचाळीस वर्षं यांना आमटी वाढली. कौतुकाचा शब्द सोडाच, कधी मानसुद्धा हलली नव्हती. आणि इथे थीम पार्कात, चाच्यांच्या जहाजासारख्या बांधलेल्या हॉटेलात, एका डोळ्यावर काळी पट्टी लावून खिडकीतून आमटी वाढणाऱ्या पोरीपुढे यांचं तोंड मिटेना!

अप्पा वाटी घेऊन बाकावर टेकले, तशा बाई पदर खोचून खिडकीमागच्या शेगडीपाशी शिरल्या. "हिच्यात गूळ कमी आहे गं. सरक जरा." पोरगी "अहो काकू, अहो काकू" करेपर्यंत पातेल्यात गूळ पडला, चिंचेचा कोळ पडला आणि वर हिंगाची चरचरीत फोडणीही बसली. मग चौथी वाटी घेऊन बाई साळसूदपणे नवऱ्याशेजारी येऊन बसल्या.

अप्पांनी भुरका मारला आणि ते गप्प झाले. मुकाट्याने वाटी संपवून त्यांनी मिशी पुसली.

बाईंना राहवेना. "अहो, कशी आहे? बोला की!"

"हिच्यात बोलायचं काय? अगदी तुझ्या हातची चव आहे."

बाईंचा जीव सुपाएवढा झाला. डोळे पुसायला त्यांनी पदर उचलला, तेवढ्यात अप्पा खिडकीकडे वळून ओरडले, "शाब्बास गं पोरी!"