हुर्मत ओपाचा घसा

हुर्मत ओपाने तोंड उघडले. सबोहतने तिची हनुवटी दोन बोटांनी उचलली, चेहरा अंगणातल्या उजेडाकडे वळवला आणि चमच्याच्या दांड्याने जीभ खाली दाबली. घशाच्या दोन्ही बाजूंच्या गाठी सुजून पडजिभेला टेकल्या होत्या. त्यांच्यावर पांढरे ठिपके धरले होते.

मार्गिलान शहरातल्या त्या मोहल्ल्यात सुजलेल्या गाठी बोटाने दाबून बसवण्याचे काम सबोहतकडे तिच्या आईकडून आले होते. तर्जनीला स्वच्छ फडके गुंडाळायचे, मिठात बुडवायचे आणि गाठ दाबायची. रोगी कळवळतो, थुंकतो, आणि बहुधा संध्याकाळी जेवायला बसतो. सगळ्या मोहल्ल्याची ओपा, म्हणजे थोरली ताई, असलेल्या हुर्मतचा आवाज पार फाटला होता. तिने कुजबुजत सांगितले ते एवढेच, की गरम पुलावावर गारेगार खरबूज खाल्ले आणि घसा धरला. आता हवे तेवढे दुखू दे, पण उद्या सकाळी आवाज पाहिजे.

उद्या सकाळी कशासाठी, ते सगळ्या मोहल्ल्याला ठाऊक होते. हुर्मतच्या एकुलत्या मुलाची नवरी आज घरी येणार होती आणि उद्या सुनेचा सलाम होता. चेहऱ्यावर ओढणी घेतलेली नवी सून दारात उभी राहते, एक बाई सासरच्या एकेकाचे नाव घेऊन ओळी गाते आणि प्रत्येक नावाला सून कमरेत वाकते. मोहल्ल्यात ती बाई नेहमी हुर्मतच असे. आपल्या सुनेचा सलामही आपणच म्हणणार, असे तिने जाहीर केले तेव्हा बाया हसल्या होत्या, की सून वाकणार सासूला आणि वाकायला सांगणारही सासूच.

सबोहतच्या मुलीचा, रोबियाचा सलामही तिनेच म्हटला होता. नव्या रेशमात रोबिया वाकत होती, बाया दाद देत होत्या, आणि त्या भरात हुर्मतने पदरच्या दोन ओळी जोडल्या:

सासूबाईंना सलाम, घरी आला चिनी प्याला,
रंग त्याचा नवा कोरा, तडा मात्र आधी गेला.

बाया हसून लोळल्या. सासू हसली नाही. बर्फ वितळायच्या आत रोबियाची पेटी आईच्या अंगणात परत येऊन पडली होती. यमक जुळले म्हणून म्हटले, असे हुर्मतने नंतर कुणाकडे तरी सांगितले होते.

सबोहतने बोटाला फडके गुंडाळले आणि मिठात बुडवले. ते तोंड आता तिच्यापुढे आ वासून होते. बोट आत गेले. गाठ गरम होती, मऊ होती, पिकली होती. हुर्मतच्या डोळ्यांत पाणी आले, तरी तिने मान मागे घेतली नाही. जोर लावला असता तर ती गुरासारखी ओरडली असती, आणि सबोहतला कुणी बोल लावला नसता. बोट तिथे क्षणभर थांबले. पण दुखणे संध्याकाळपर्यंत विसरले जाते, हे सबोहतइतके कुणाला माहीत होते? तिने बोट बाहेर काढले.

"पिकलेली गाठ मी दाबत नाही, ओपा. पू आत उतरतो."

"दाब ग."

"नाही. आणि खरबुजाला उगीच नावं ठेवू नका. तुमच्या लेकीचा मुलगा तापानं फणफणलेला असताना त्याच्याच प्याल्यातनं चहा घेतलात, तिथनं आलंय हे."

मग तिने नीट, एकेक करून सांगितले. कोमट पाण्यात मीठ आणि चिमूटभर सोडा घालून दिवसभर गुळण्या. मध घातलेले कोमट दूध, पातळ पेज. प्याला वेगळा. थुंकीही गिळवेना किंवा तोंड उघडेना, तर तडक दवाखाना. आणि घसा बरा होईपर्यंत एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजायचेसुद्धा नाही. यात एकही गोष्ट खोटी नव्हती. सबोहतला त्याचेच विशेष समाधान वाटले.

"मग सलाम कोण म्हणेल?" हुर्मत कुजबुजली. "दुसरीला उभी केली, तर ती पदरचं काय जोडील याचा नेम नाही."

"खरंय. ते तुमच्याशिवाय कुणाला कळणार?" सबोहतने बोटावरचे फडके सोडले. "रोबिया म्हणेल. तुमच्यामागे मोहल्ल्यात तिचाच गळा आहे. सगळ्या ओळी पाठ आहेत तिला."

"सासरहून परत आलेली मुलगी?"

"ती कशी परत आली, ते तुम्ही सांगता का मी सांगू?"

हुर्मतने ओले डोळे पुसले. "सूड घेतेस माझ्यावर?"

"घेतेय," सबोहत म्हणाली. "पण औषध हेच आहे."

ती उठली आणि फडताळातून निळ्या फुलांचा चिनी प्याला घेऊन आली. काठापासून बुडापर्यंत त्याला बारीक काळी रेघ होती. असा प्याला पाहुण्यापुढे ठेवणे म्हणजे त्याला ऊठ म्हणण्यासारखेच. सबोहतने त्यात समोवारचे कोमट झालेले पाणी ओतले, मीठ ढवळले आणि तो पुढे केला. हुर्मतने रेघ पाहिली. घसा ठणकत होता. तिने प्याला घेतला, घोट भरला आणि मान मागे टाकली.

"सावकाश. मी सांगेपर्यंत थुंकायचं नाही."

द्राक्षाच्या मांडवापलीकडे रोबिया नानसाठी पीठ मळत होती. मळता मळता ती गाऊ लागली. सासऱ्यांना सलाम, दिरांना सलाम. चाल हुर्मतची, हेलही हुर्मतचेच, आवाज तेवढा स्वच्छ. सासूबाईंना सलाम, घरी आला चिनी प्याला, इथवर ती आली आणि थांबली.

पुढची ओळ आली नाही. पीठ मळण्याचा आवाजही थांबला होता. आभाळाकडे तोंड केलेल्या हुर्मतची गुळगुळ तेवढी अंगणात ऐकू येत राहिली.