ताईच्या पेशी

माझी ताई भांडकुदळ. दुकानदार, शेजारी, बसचा कंडक्टर, ती कुणालाच सोडत नाही, आणि मी आयुष्यभर तिचा हात धरून "जाऊ दे ना, ताई" म्हणत आलो. काल माझ्या कॅन्सरशी लढायला तिच्याच रक्तातल्या मारक पेशी मला चढवल्या. आज इंजेक्शन भरताना डॉक्टर म्हणाल्या, "एरवी या सुस्त पडून राहतात. हे इशाऱ्याचं प्रथिन त्यांना चिथवतं, मगच कॅन्सरवर तुटून पडतात." "ताईला चिथवावं लागतं?" मी म्हणालो. "आजच ऐकतोय." ताईनं डोळे वटारले. दुपारी मला हुडहुडी भरली. थर्मामीटर बघून ताईचा चेहरा उतरला. "ताप येणारच," डॉक्टर म्हणाल्या. "त्या कामाला लागल्यात." ताई माझ्या दंडाशी वाकली आणि आतल्यांना हळूच म्हणाली, "एकालाही सोडू नका." मी तिचा हात धरला, पण या वेळी "जाऊ दे" म्हणालो नाही.